शीळ

बावीस दिवस बोट, बावीस दिवस
मी घोड्यांच्या तोंडाशी उभा.
माणूस निदान ओकून मोकळा होतो.
घोड्याला ओकता येत नाही, तुम्हाला ठाऊक नसेल,
तो नुसता मान खाली घालून समुद्र सोसतो.
ब्वेनोस आयरेसच्या धक्क्यावर एकतीस चढवले,
न्यूयॉर्कला तीस उतरले.
एकाचं काय झालं ते मालकांनी वहीत लिहिलं.
मला लिहिता येत नव्हतं.

तोर्काझा तेव्हा सहा वर्षांची.
तोर्काझा म्हणजे रानकबुतर. रंगही तसाच,
राखी, गळ्याशी जांभळट.
शिळेशिवाय पाण्याला तोंड लावायची नाही:
दोन लांब, एक आखूड, शेवटी खाली घसरणारी,
माझ्या बापाची शीळ,
पांपाच्या वाऱ्यात विहिरीवरून घातलेली.

पहिल्या खेपेला हरलो. सपशेल.
आठ चक्करं, प्रत्येक साडेसात मिनिटांचं.
(चक्कर हा शब्द कुठला, मी एकदा विचारलं होतं.
मालक म्हणाले, हिंदुस्थानातला,
इंग्रजांच्या खोगिरावर बसून आला.)
मधल्या सुट्टीत रेशमी बायका मैदानात उतरल्या,
उखडलेली ढेकळं बुटांनी दाबत होत्या,
हसत, जणू जमिनीला काही झालंच नाही.
चषक होता तिथंच राहिला.

आणि तिसऱ्या दिवशी लिलाव.
हे कुणी सांगत नाही.
हरली ती चार माणसं, घोडे कुठले हरायला?
बोली चढेल तशी
मालकांच्या कपाळावरची आठी उलगडत गेली.
तोर्काझा लाँग आयलंडच्या एका पोलादवाल्यानं घेतली.
त्या पैशांत आमच्या इस्तेटीवर
नवं छप्पर आलं, पियानो आला.

तिला न्यायला आला लेम्युएल,
साउथ कॅरोलायनाचा, काळा, उंच, माझ्याच वयाचा.
त्याची भाषा मला येईना, माझी त्याला.
त्यानं बादली पुढं केली. ती पिईना.
मी शीळ घातली. प्याली.
मग त्यानं ओठांचा चंबू केला, नुसती हवा निघाली,
दोघंही हसलो.
अंधार पडेस्तोवर शिकवली त्याला.
सगळी जमली, शेवटची घसरण तेवढी नाही,
त्याची शीळ शेवटी वर जायची,
काहीतरी विचारल्यासारखी.

चार वर्षांनी पुन्हा बोट, पुन्हा तेच गवत.
शेवटचं चक्कर, बरोबरी,
आणि मैदानापल्याडून, त्यांच्या तबेल्याकडून
ऐकू आली बापाची शीळ, वर जाणारी.
माझ्या हातातल्या चारही घोड्यांचे कान तिकडं वळले.
मग ती आली. दहा वर्षांची.
चेंडूच्या रेषेवर अशी उतरली
जशी कबुतरं मळणीच्या दाण्यावर उतरतात.
तिच्याच पाठीवरून तो गोल झाला.
माझा हात टाळीला वर गेला होता,
तो मी टोपी सारखी करायला वापरला.
मुकादम बार्तोलोनं पाहिलं असणार.
रात्री येर्बाच्या कडू काढ्याचा भोपळा
सगळ्यांच्या हातून फिरला,
माझ्यापर्यंत आला नाही.

तिसऱ्या खेपेला जिंकलो.
लेम्युएल दिसला नाही. खुणांनी विचारलं,
एका पोरानं दक्षिणेकडं हात केला.
तोर्काझाबद्दल विचारायचं धाडस झालं नाही.

परतीच्या बोटीवर चषकाचं खोकं
घोड्यांच्या शेजारीच ठेवलं होतं, पेंढ्यात.
एका रात्री उघडलं. आता सांगायला हरकत नाही,
मालक गेले, पियानोही विकला गेला.
चांदीवर बोटं फिरवली,
नावं वाचता येईनात, मोजता आली:
आठ त्यांची, चार आमची.
बाराच.

तोर्काझाचा धाकटा भाऊ तापला होता,
दोन दिवस बादलीकडं बघत नव्हता.
मी चषक पिंपात बुडवला, भरून त्याच्यापुढं धरला.
जड होता. हात थरथरत होते,
पाण्यात बोटीचा कंदील हलत होता.
शीळ घातली: दोन लांब, एक आखूड,
आणि शेवटी, कशी कुणास ठाऊक,
ती वर गेली.

तो प्याला.